उतारावर विचारलेला शब्द



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. शब्द पाठ करून घेण्याला त्यांचा विरोध नव्हता. फक्त पाठ झालेला शब्द आला कुठून, हे विचारल्याशिवाय ते पुढच्या शब्दाकडे जाऊ देत नसत. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानात एका शब्दापलीकडे जायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

शब्द आहे ‘शिबोलेथ’. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांच्या याद्यांमध्ये तो हमखास सापडतो. समोर अर्थ दिलेले असतात: परवलीचा शब्द, एखाद्या गटाची ओळख पटवणारी लकब, पक्षाची गुळगुळीत झालेली घोषणा. तिन्ही अर्थ बरोबर आहेत आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. पण पहिल्या अर्थापाशी मी अडतो. परवलीचा शब्द गुप्त असतो. तो फितुराकडून कळू शकतो, आणि कळला की पहारेकरी वाट सोडतो. शिबोलेथ आधी सांगूनच विचारतात. ‘हा शब्द म्हण’, असं पहारेकरीच म्हणतो. उत्तर समोर ठेवलेलं असतं, आणि तरी माणूस नापास होतो.

मूळ गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली आहे. मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नाव ‘शास्ते’, अध्याय बारावा. इस्राएलात अजून राजे झालेले नव्हते. यार्देन नदीच्या पूर्वेला गिलाद नावाचा डोंगराळ मुलूख होता. तिथला इफ्ताह हा वेश्येचा मुलगा, म्हणून सावत्र भावांनी त्याला वाटा नाकारून घराबाहेर काढलेलं. तो परमुलखात टोळी जमवून राहिला. पुढे अम्मोनी लोक चालून आले तेव्हा गिलादच्या वडीलधाऱ्यांना त्याची आठवण झाली. त्यांनी त्याला सेनापती करून परत आणलं आणि त्यानं लढाई जिंकून दिली. (जिंकलो तर माझ्या घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, असा नवस बोलून स्वतःच्या मुलीला गमावणारा इफ्ताह तो हाच. ती कथा आधीच्या अध्यायात आहे. तिच्यात शिरलो तर आजची संध्याकाळ तिथेच संपेल.)

लढाई संपल्यावर नदीच्या पश्चिमेकडचे एफ्राईमचे लोक भांडायला आले. आम्हाला बोलावलं का नाही? तुझं घर तुझ्यासकट जाळतो! इफ्ताहचं म्हणणं, हाक मारली होती, तुम्हीच आला नाहीत. लग्नघरात मानपानावरून जुंपावी तसं हे भांडण, आणि त्याचं युद्ध झालं. एफ्राईमी हरले आणि घराकडे पळाले. घरी जायचं तर यार्देन ओलांडायला हवी, आणि नदी उतारावरच ओलांडता येते. गिलादच्या लोकांनी ते उतार अडवून ठेवले होते. पळून आलेला माणूस पलीकडे जाऊ द्या म्हणे. तू एफ्राईमी का? नाही. मग ‘शिब्बोलेथ’ म्हण. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, आणि त्याला तिथंच धरून कापत. त्या वेळी एफ्राईमचे ४२,००० पडले असं ग्रंथ सांगतो. त्या काळच्या लोकसंख्येचा विचार केला तर हा आकडा अक्षरशः घेण्याची गरज नाही. मला आकड्यापेक्षा निवेदकाची घाई खुपते. एवढी कत्तल त्यानं दोन-चार वाक्यांत उरकली आहे आणि लगेच इफ्ताहनं किती वर्षं न्यायनिवाडा केला याच्या हिशेबाला लागला आहे.

आता नातं पाहा. गिलादचे लोक मनश्शेच्या वंशातले. मनश्शे आणि एफ्राईम हे सख्खे भाऊ, योसेफाचे मुलगे. म्हणजे उताराच्या दोन्ही बाजूंना चुलतभाऊ उभे होते. देव एक, भाषा एक, पेहराव एक, दाढीची ठेवणही बहुधा एकच. अम्मोनी माणूस तिथे आला असता तर त्याला कोणी शब्द विचारला नसता. तो दिसताक्षणीच ओळखू आला असता. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच: शिबोलेथ परक्यासाठी नसतो. आपल्यातला कोण आणि ‘आपल्यासारखाच दिसणारा’ कोण, हे डोळ्यांना ठरवता येईनासं झालं की मग कानाला कामाला लावतात. आणि ही परीक्षा घेणारा इफ्ताह कोण, तर ज्याला घरच्यांनीच ‘तू आमच्यातला नव्हेस’ म्हणून हाकललं होतं तो.

शब्दाचा अर्थ अजून सांगितला नाही, कारण उतारावर तो कोणी विचारलाच नव्हता. हिब्रूत शिब्बोलेथ म्हणजे कणीस. फारोला स्वप्नात सात भरलेली आणि सात करपलेली कणसं दिसली, तिथे याच शब्दाचं अनेकवचन आहे. दुसरा अर्थ पाण्याचा लोंढा. नदीकाठची गोष्ट म्हणून काही अभ्यासक हा दुसरा अर्थ पसंत करतात. मला त्या वादात रस नाही, कारण पहारेकऱ्यालाही नव्हता. आजच्या हिब्रूत हा शब्द शेवटी ‘त’ लावून म्हणतात आणि तो साधा शेतातला शब्द आहे. ओटला तिकडे ‘कोल्ह्याचं कणीस’ म्हणतात, त्यातलं कणीस हेच.

खरी गंमत भाषांतरकारांची झाली. हिब्रू लिहिणाऱ्यानं दोन उच्चारांसाठी दोन वेगळी अक्षरं वापरून काम भागवलं. पण जुना करार ग्रीकमध्ये नेणारे विद्वान या ओळीशी आले आणि अडले, कारण ग्रीकमध्ये ‘श’ नाही. त्यांना ही परीक्षा कागदावरसुद्धा मांडता येईना. एका हस्तलिखित परंपरेत सरळ ‘कणीस’ असा ग्रीक शब्द घातला आहे, तर दुसरीत ‘खुणेचा शब्द’ असं म्हटलं आहे. पहिल्यात अर्थ आला आणि गोष्ट गेली. दुसऱ्यात गोष्ट थोडी राहिली आणि शब्द गेला. आपल्या कोशांतला ‘परवलीचा शब्द’ हा अर्थ पाहिला की मला ते अडलेले ग्रीक पंडित आठवतात. १६११च्या इंग्रजी बायबलानं मात्र हिब्रू शब्द तसाच ठेवला. इंग्रजीला दोन्ही उच्चार येत होते. तिथून तो त्या भाषेत मुरला.

मराठी भाषांतरकारांना यातलं काहीच करावं लागलं नाही. श आणि स वर्णमालेत तयारच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. त्या कामात घाम फोडणाऱ्या जागा पुष्कळ असतील, ही त्यांपैकी खास नसणार. उलट मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावीच लागत नाही. शाळा आणि साळा, शेत आणि सेत, हे अंतर काय असतं ते आपल्याला कोणत्याही उतारावर शिकावं लागलं नाही.

इथे एक आडवळण घेतो. आपले श आणि स इतके काही सोवळे नाहीत. महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स या तिन्हींचा एक ‘स’ झाला होता. मागधीत तिन्हींचा ‘श’ झाला होता. आज आपण ससा म्हणतो, पण सशाला म्हणतो. म्हैस म्हणतो, पण म्हशी म्हणतो. पैसा म्हणतो, पण पैशाला म्हणतो. पुढे इ-य यांच्यासारखा स्वर किंवा वर्ण आला की आपली जीभ स सोडून श वर जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. स आणि श यांच्यामधली नदी आपण दिवसातून कितीदा तरी ओलांडतो आणि वाटेत कोणी अडवत नाही.

अडवलं जातं ते रंगभूमीवर. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला राजाचा मेहुणा शकार स च्या जागी श म्हणतो, पुराणातल्या माणसांची भलतीच सांगड घालतो, आणि प्रेक्षक हसतात. देवलांनी ते नाटक मराठीत आणलं तेव्हापासून आपणही त्याला ओळखतो. तो दुष्ट आहे, पण आपण त्याच्या दुष्टपणाला हसत नाही, त्याच्या जिभेला हसतो. पतंजलीच्या महाभाष्यात तर थेट यार्देनच्या जातीची कथा आहे: असुरांना ‘अरयः’ म्हणायचं होतं, ते ‘अलयः’च्या वळणानं ‘हेलयो हेलयः’ म्हणाले, आणि पराभूत झाले. व्याकरण का शिकावं याच्या कारणांत ही कथा येते. देव आणि असुर हेही एकाच बापाचे, प्रजापतीचे, हे तुम्हाला माहीत आहेच.

पण त्याच पतंजलीनं त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. काही मोठे ज्ञानी ऋषी होते. ‘यद्वा नः, तद्वा नः’ असं म्हणायचं असताना ते ‘यर्वाण, तर्वाण’ म्हणत, इतकं की त्यांचं नावच यर्वाण-तर्वाण पडलं. यज्ञकर्मात मात्र ते शुद्ध बोलत. म्हणून त्यांना दोष लागला नाही. घरी एक बोली, यज्ञात एक बोली, आणि घरच्या बोलीबद्दल शिक्षा नाही. आपल्या शुद्धलेखनवाद्यांनी हेलयोची कथा पाठ केली आणि यर्वाणांना विसरले, हे मला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही.

जगात असे उतार पुढेही होत राहिले. १२८२ साली सिसिलीतल्या पालेर्मोत फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा लोकांनी हरभऱ्याचा स्थानिक शब्द म्हणायला लावून फ्रेंचांना निवडून मारलं असं सांगतात. १३०२च्या मे महिन्यात ब्रूजमध्ये फ्लेमिश नागरिकांनी पहाटे फ्रेंच सैनिकांना गाठलं. तिथली आख्यायिका ‘ढाल आणि मित्र’ या अर्थाच्या शब्दांची आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या म्हणण्याच्या थोड्या विरुद्ध जातात, कारण तिथे समोर परका सैनिक होता. अंधार किंवा गोंधळ असला की परकाही आपल्यासारखाच दिसतो, एवढंच मी त्यावर म्हणेन.

१९३७चं उदाहरण मात्र जवळून पाहायला हवं. कॅरिबियन समुद्रात एका बेटाचे दोन देश आहेत, हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक. एकीकडे क्रियोल आणि फ्रेंच, दुसरीकडे स्पॅनिश. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेवरून डॉमिनिकन सैनिकांनी सीमाभागातल्या हैतियन लोकांची कत्तल केली. बहुतेकांना कोयत्यांनी मारलं. गावकऱ्यांनीच चिडून मारलं असा देखावा करायला ते सोयीचं होतं. मृतांचे अंदाज काही हजारांपासून २०,०००च्या पुढे जातात. सैनिक पार्स्लीची जुडी दाखवून हे काय आहे असं विचारत, असं सांगतात. स्पॅनिश शब्द ‘पेरेहील’. त्यातला र आणि घशातला ह क्रियोल बोलणाऱ्याला जड जातो. म्हणून ही कत्तल पार्स्लीच्या नावानं ओळखली जाते.

पण त्या सीमेवरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत राहिलेले होते. लग्नं झालेली, बाजार एक, मुलं दोन्ही भाषा बोलणारी. कित्येक हैतियनांना उत्तम स्पॅनिश येत होतं, आणि तेही मारले गेले, याकडे इतिहासकारांनी लक्ष वेधलं आहे. म्हणजे पेरेहील नीट म्हणूनही सुटका नव्हती. ज्यांना वेगळं काढता येत नव्हतं त्यांना वेगळं ठरवण्यासाठी ती जुडी होती. परीक्षेचा निकाल परीक्षेआधीच लागलेला होता.

आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचं. जुलै १९८३मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा जमाव वाहनं थांबवून लोकांना एक सिंहली शब्द म्हणायला लावत होता अशा आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. तो शब्द ‘बाल्दिय’. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर, आणि शब्दाच्या सुरुवातीचा ब ही त्या जिभेची अडचण. बाल्दिय म्हणजे आपली बालदी. नळाखाली ठेवतो तीच. पोर्तुगीजांनी हा शब्द कोकण किनाऱ्यावर सोडला तसाच लंकेतही सोडला. तो ना सिंहलींचा, ना तमिळांचा. उसन्या शब्दावर माणसाचं मूळ ठरवलं जात होतं.

इंग्रजीत ‘शिबोलेथ’ हा शब्द मात्र रक्त धुऊन आला. तिथे त्याला दिवाणखान्यात जागा मिळाली. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी १९५४मध्ये दाखवून दिलं की इंग्लंडमधला उच्च वर्ग आता पैशानं, शिक्षणानं किंवा स्वच्छतेनं वेगळा राहिलेला नाही. वेगळी उरली आहे ती फक्त बोली. जेवणाच्या टेबलावरच्या रुमालाला ‘नॅपकिन’ म्हणणारे वरचे, आणि जास्त नाजूक वाटतं म्हणून ‘सर्व्हिएट’ म्हणणारे त्यांच्या जरा खालचे. पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड यांनी त्यावर लेख लिहिला आणि अख्खा इंग्लंड स्वतःचे शब्द तपासू लागला. इथेही तेच दिसतं. सरदाराला खाणकामगारापासून वेगळं दिसण्यासाठी रुमालाची गरज नव्हती. धोका होता तो शेजारी घर घेतलेल्या डॉक्टराचा.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवून उच्चभ्रूंत खपवलं जातं. पुलंनी १९७५मध्ये त्याची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा त्यांना मराठीतला शिबोलेथ शोधत बसावं लागलं नाही. तो प्रत्येक प्रेक्षक घरून घेऊनच आला होता.

आता तो बोलून टाकतो. बदलीवर आलेला बँकेतला बंगाली अधिकारी ‘मला पानी पाहिजे’ म्हणाला, ‘टिलक’ म्हणाला, की आपण कौतुकानं वितळतो: किती गोड मराठी बोलतात! ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण यांत दोन वेगळे ज आहेत, लिपी त्यांच्यात फरक करत नाही, आणि ते त्याला कधी जमणार नाही, हेही आपण हसत माफ करतो. पण आपल्याच गावचा, आपल्याच शाळेत शिकलेला मुलगा ‘पानी’ म्हणाला की चेहरे बदलतात. परक्याचा न हा प्रयत्न ठरतो आणि घरच्याचा न ही जात ठरते. मी हा शब्द मुद्दाम वापरला. ‘शुद्ध बोलतो’ हे आपलं वाक्य पुष्कळदा आडनाव न विचारता आडनाव विचारण्याची रीत असते. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांनी उमेदवार खोलीबाहेर जाताच त्याच्या न ची नक्कल केलेली मी पाहिली आहे. काम भाषेचं नव्हतं. हिशेबाचं होतं आणि त्याला हिशेब येत होता.

‘शिबोलेथ’ हाही शिबोलेथ आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. इंग्रजी लेखात तो पेरणाऱ्याला कणीस किंवा यार्देन बहुधा सांगायचं नसतं. मला हा शब्द येतो, एवढं सांगायचं असतं. शेवटचा ‘थ’ आपल्या थापेतल्या थ सारखा म्हटला तर कान टवकारणारे त्यातही आहेत. याद्या पाठ करणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे कोणी सांगत नाही. अर्थ शिकल्यावर उतार संपला असं त्यांना वाटतं.

२००७मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात कोलंबियाच्या दोरिस साल्सेदो यांनी ‘शिबोलेथ’ याच नावाची एक कलाकृती केली. भव्य सभागृहाच्या जमिनीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, १६७ मीटर लांबीची भेग पाडली. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली, पण जमिनीवर वण राहिला. ती जमीन मधून फुटली होती. दोन वेगळ्या इमारतींमधली ती फट नव्हती, हे मला त्यात सगळ्यात नेमकं वाटलं.

शेवटी यार्देनच्याच देशात जाऊ, आणि मराठी माणसांबरोबर जाऊ. अलिबागच्या किनाऱ्यालगत आपले पूर्वज जहाज फुटून आले असं सांगणारे बेने इस्राएल कोकणात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं ‘हगादा’ हे पुस्तक त्यांच्यासाठी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६मध्ये छापलं गेलं. हिब्रू प्रार्थना आणि मराठी अर्थ एका पानावर, श आणि स दोन्ही शाबूत. १९४८ला इस्राएल झालं आणि त्यातले बरेच तिकडे गेले. तिथे गेल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रमुख धर्मपीठानं विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्राएल माणूस इतर यहुद्याशी लग्न करायला आला तर त्याच्या आई-आजीच्या पिढ्या तपासा. शब्द बदलला होता, पण उतार तोच आणि भाऊबंदही तेच. हे लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी जेरुसलेमात धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेनं ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचा ठराव केला. धर्मपीठानं सूचनेतून त्यांचं नाव काढलं. त्या जागी, ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल असा कोणीही, असं घातलं. शंका कोणाला यावी, हे त्या सूचनेत लिहिलेलं नव्हतं.